स्वागताची चादर

रूट दोन ही अपरिमेय संख्या आहे, हे आमच्या देवश्रीला भर झोपेतून उठवून विचारलं तरी ती डोळे न उघडता सिद्ध करून दाखवते. परवा घरच्या आरतीत "मान लीजिए कि रूट दो एक परिमेय संख्या है" असं तिच्या तोंडून निघालं, पण चालीत बरोबर बसत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल की निगुडकरांची मुलगी मोठी गणिती दिसते. तसं काही नाही. आमच्या उज्जैनच्या हिंदी शाळेत हा दहावीच्या गणिताचा पहिला धडा आहे, आणि या वर्षी एप्रिलपासून तिच्या वर्गाला गणिताचे चार शिक्षक झाले. चौघांनीही श्रीगणेशा पहिल्या धड्यापासूनच केला.

पहिल्या अमृता मॅडम. त्यांची बँकेत निवड झाली. दुसऱ्या अश्विनी मॅडम. त्यांच्या यजमानांची जबलपूरला बदली झाली. तिसऱ्या सरांचं नाव मुलांना पाठ व्हायच्या आत इंदूरच्या एका कोचिंगवाल्यानं त्यांना उचललं. चौथे केदार सर मधल्या सुट्टीत पोहे खायला म्हणून बाहेर पडले, ते अजून पोहेच खात आहेत. शाळेचं नाव मी सांगत नाही, कारण देवश्रीला अजून त्याच शाळेतून दहावी पास व्हायचं आहे.

मुलांना सवय झाली होती. नवे सर वर्गात आले की मुलं आपणहून पहिलं पान उघडून बसत. सरांनी प्रश्न अर्धा विचारला की सगळा वर्ग एका सुरात उत्तर देई, आणि नवे सर हरखून जात. असा हुशार वर्ग सोडून लोक जातात तरी कसे, असं म्हणत म्हणत तेही जात. पुस्तकात पुढे आणखी धडे आहेत, ही वर्गात एक ऐकीव गोष्ट होऊन बसली होती. बोर्ड मात्र पेपर सगळ्या पुस्तकावर काढतं, ही बोर्डाची जुनी खोड आहे.

मीही हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण जुलैत एका संध्याकाळी देवश्री माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी अकरावीत मॅथ्स नको घेऊ ना? मला येतच नाही ते."

ही तीच मुलगी, जी पाच वर्षांची असताना जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय वर जात नसे. मला फार वाईट वाटलं. मुलीला गणित येत नाही असं नव्हतं, तिला ते कोणी शिकवलंच नव्हतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीला हा फरक कोण समजावणार? ते काम गणिताच्या शिक्षकाचं, आणि शिक्षक पोहे खायला गेलेले.

त्याच आठवड्यात पालकसभा होती. मी विमा कार्यालयात नोकरी करतो. धडधाकट माणसाला त्याच्या मरणाविषयी गोड बोलून सही करायला लावण्यात माझी हयात गेली आहे. त्यामुळे चार लोकांत बोलायची संधी आली की मला बसवत नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "शिक्षक जातात का, याचा कोणी विचार केलाय?" प्राचार्या विनोदिनीबाईंनी ताबडतोब माझ्या नावानं 'शिक्षक स्थैर्य समिती' स्थापन केली आणि सभा संपली. जो तोंड उघडतो त्याच्याच गळ्यात घोंगडं पडतं, हा सार्वजनिक कामाचा पहिला नियम मी विसरलो होतो.

समितीत आम्ही तिघे. मी, देवश्रीच्या वर्गातल्या राजसची आई जयूवहिनी, आणि आमचे शेजारी बापू पोतनीस. बापूंचं कोणीच शाळेत नाही. त्यांची नातवंडं पुण्याला आहेत. पण कुठेही समिती दिसली की ते आपली खुर्ची घेऊन येतात.

आणि पुढच्या सोमवारच्या सुट्टीनंतर, म्हणजे मंगळवारी, पाचवे शिक्षक आले. इकडे श्रावण जुलैतच लागतो, आणि श्रावणात दर सोमवारी महाकालाची पालखी, म्हणजे सवारी, निघते म्हणून आमच्याकडे शाळा रविवारी भरते आणि सोमवारी बंद असते, हे बाहेरच्यांसाठी सांगितलं. पाचव्यांचं नाव श्रीकांत सर. बऱ्हाणपूरचे, तरुण, अंगानं किरकोळ, खांद्याला एक काळी बॅग. त्यांनी वर्गात पाऊल टाकताच मुलांनी शिरस्त्याप्रमाणे पहिलं पान उघडलं. सरांनी विचारलं, "ये किस-किस को आता है?" सगळे हात वर. सर म्हणाले, "तो फिर बंद करो. दूसरा पाठ निकालो."

देवश्री घरी आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघरात शिरली. "आई, सरांनी बहुपद सुरू केलं!" रजनीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, देवापुढे साखर ठेवली. बहुपद म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण दुसरा धडा आहे एवढं पुरेसं होतं.

चौथ्या दिवशी तर कमाल झाली. देवश्री पुस्तक घेऊन बसली होती आणि मी टीव्ही लावला तर मला म्हणाली, "बाबा, आवाज कमी करा ना, सुटतंय हे." मी टीव्ही बंदच केला आणि मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, हा माणूस बोर्डाची परीक्षा होईपर्यंत उज्जैनच्या बाहेर जाता कामा नये.

विनोदिनीबाईही खूष होत्या. "निगुडकर, काय निष्ठा आहे या माणसाची! रविवार असो, मंगळवार असो, सकाळी शिपाई गेट उघडतो तेव्हा सर आत हजर असतात." आम्ही तिघांनी कौतुकानं माना डोलावल्या. गेट उघडायच्या आधी माणूस आत कसा असतो, हा प्रश्न समितीतल्या एकाही सदस्याला पडला नाही.

समितीची पहिली बैठक आमच्या ओसरीवर झाली. बापूंचा सल्ला तयार होता. बापूंचे पूर्वज शिंदे सरकारच्या खजिन्यावर होते, आणि त्या खजिन्याची किल्ली अजून आपल्याच कमरेला आहे अशा थाटात ते बोलतात.

"सुहास, माणूस टिकवायचे दोन उपाय. जमीन नाहीतर सोयरीक. सरकारांनी आम्हाला दोन्ही दिलं. बघ, अडीचशे वर्षं झाली, हललो का आम्ही?"

"बापू, तो गणिताचा मास्तर आहे. त्याला जहागीर कुठून देऊ?"

"मग सोयरीक. लग्न लावून टाक त्याचं इथल्याच मुलीशी. पक्का बंदोबस्त. माझ्या बहिणीची नात आहे, मृणाल. फ्रीगंजात राहते."

मृणाल न्यूझीलंडला शिकायला निघाली होती, हे जयूवहिनींनी सांगितलं. तिच्याशी सोयरीक केली असती तर सर थेट न्यूझीलंडला गेले असते. बापूंनी तो उपाय राखून ठेवला.

जयूवहिनींचं म्हणणं वेगळं. "अहो, माणूस पोटासाठी घर सोडतो नी पोटासाठीच वापस जातो. डबा द्यायचा त्यांना. घरच्या जेवणाची आठवण आली की गेले समजा."

हे पटण्यासारखं होतं. रजनीनं दुसऱ्याच दिवशी डबा दिला. जयूवहिनींनीही दिला. ही बातमी दहावीच्या वर्गात पसरली आणि बाकीच्या आयांना वाटलं की आपण मागे राहिलो तर आपल्या मुलाचे मार्क कापले जातील. गुरुवारी श्रीकांत सरांच्या टेबलावर दालबाफले, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, बेसनाचे लाडू आणि एका सिंधी घरातून आलेली कढी असे डबे एका ओळीत मांडलेले होते. सर भिडस्त. प्रत्येक डब्यातलं थोडं थोडं त्यांनी खाल्लं, आणि शुक्रवार-शनिवार ते शाळेत आलेच नाहीत.

ते दोन दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. वर्गात पैजा लागल्या. देवश्रीनं काही न बोलता पुस्तक पुन्हा पहिल्या धड्यावर उघडून ठेवलं. रविवारी सर पिवळे पडलेले, पण आपल्या पायांनी वर्गात आले, तेव्हा मुलांनी बाकं वाजवून त्यांचं स्वागत केलं. सरांना वाटलं, पोटदुखीवरून आपली चेष्टा चालली आहे.

यानंतर मी सूत्रं पूर्णपणे हातात घेतली. इथून पुढचं सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं आहे. नंतर ते नाकारायचा मी प्रयत्न केला, पण बैठकीला बापू हजर होते.

आमच्या शाळेची एक जुनी चाल आहे. शिक्षक शाळा सोडून निघाला की त्याला भैरवगढच्या छापाची चादर आणि नारळ देऊन निरोप देतात. संस्थापकांनी ही प्रथा पाडली तेव्हा शिक्षक तीस-तीस वर्षं टिकत. क्वचित कधीतरी चादर निघे, आणि लोक खरोखर डोळे पुसत. आता शाळेच्या कपाटात चादरींची चळत तयार असते. मी विचार केला, आपण माणसाला मान देतो तो जाताना. म्हणजे मान हवा असेल तर त्याला गेलंच पाहिजे! मग लोक जातील नाहीतर काय करतील? उलट आल्या आल्याच चादर द्या, चार शब्द गौरवाचे बोला. मानाला माणूस बांधला जातो. विम्याचंही तसंच आहे. पहिला हप्ता भरला की माणूस सहसा पळत नाही.

बापू म्हणाले, "वा! हे दरबारी डोकं आहे."

त्या एका वाक्यासाठी मी स्वतः स्कूटर काढून भैरवगढला गेलो. नेहमीच्या ठोक चादरींतली नको होती, खास हवी होती. छिपाकडे, म्हणजे चादरी छापणाऱ्याकडे, शाळेचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "विदाई वाली ना, साब? आपके स्कूल की तो हमेशा बनी रखी रहती है."

"विदाई नहीं, स्वागत."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आपके स्कूल में?" असं म्हणून त्यानं गडद लाल काठाची, बुट्ट्यांची सुरेख चादर काढून दिली. त्याच्या त्या पाहण्यात मला इशारा दिसायला हवा होता.

मी विनोदिनीबाईंना फोन केला. "बाई, मंगळवारी श्रीकांत सरांचा सत्कार ठेवू. चादर-श्रीफळ. समितीतर्फे."

बाई जड आवाजात म्हणाल्या, "बरं. तुमच्या समितीनं ठरवलं असेल तर मी काय बोलणार?" मला त्यात माझ्या समितीविषयीचा आदर ऐकू आला.

मंगळवारी प्रार्थनेनंतर सभागृहात मुलं बसली. मी नवा सदरा घालून पहिल्या रांगेत. पडदा सरकला आणि मागे फलक दिसला: 'विदाई समारोह'. शाळेकडे तो एकच फलक होता, वर्षभर तोच लागायचा, त्यामुळे शिपायानं चादर दिसताच तो लावून टाकला होता. मी हातानं खुणा करतोय तोवर पेटी वाजली. गायनाच्या मुलींना निरोपाचं एकच गाणं बसवलेलं होतं, ते त्यांनी म्हटलं. दुसऱ्या कडव्याला नेहमीप्रमाणे पाचवीची मुलं रडू लागली. त्यांना गणिताला श्रीकांत सर नव्हतेच, पण त्या कडव्याला रडायचं असतं एवढं त्यांना माहीत होतं.

मग विनोदिनीबाई उठल्या. "श्रीकांत सर बहुत कम समय हमारे बीच रहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच डोळ्यांना पदर लावला. "वे जहाँ भी जाएँ..." मी खुर्चीतून अर्धा उठलो. मागून बापूंनी माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. "मध्ये बोलू नये, सुहास. दरबाराची रीत असते."

श्रीकांत सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी फलकाकडे पाहिलं, रडणाऱ्या पाचवीकडे पाहिलं, मग खाली मान घालून चादर आणि नारळ घेतला. "जो भूल हुई हो, क्षमा करें," एवढंच म्हणून ते मंचावरून उतरले आणि मागच्या दारानं बाहेर पडले. टाळ्यांच्या गजरात मी धावत दारापर्यंत गेलो, तोवर ते रिक्षात बसलेले होते. फोन लावला तर बंद.

मी प्राचार्यांच्या खोलीत शिरलो. "बाई, हे काय केलंत?"

"मी?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्हीच तर त्यांना काढलंत! मला वाटलं पालकांची तक्रार असणार. डबे पाठवून आजारी पाडलंत, तेव्हाच मला शंका आली होती. चादर कोणाला देतात हे तुम्हाला माहीत नाही का?"

मी कार्यालयात सुमीतकडे गेलो. सुमीत शाळेचा बाबू. त्यानं संगणकावरून मान न उचलता सांगितलं, "काका, सरांना पोर्टलवर कार्यमुक्त करून टाकलं मी. मॅडम बोलल्या चादर आहे, तर मी सकाळीच बटण दाबलं."

"मग उलटं दाब."

"उलटं नाही होत, काका. वापस घ्यायचं तर नवीन नियुक्ती. नवीन नियुक्तीला उज्जैनचा पत्ता लागेल. पत्त्याला किरायानामा, नी किरायानाम्याला पोलिसाचं व्हेरिफिकेशन."

"पण पहिल्यांदा घेतलं तेव्हा पत्ता काय दिला होता?"

"पहिल्यांदा कोणी विचारतच नाही, काका. टिकतात कुठे सगळे?"

मी बाहेर आलो. दारात देवश्री उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा. तसेही गेलेच असते." आणि ते ऐकून मला जी लाज वाटली, ती भर सभागृहातल्या फजितीनंही वाटली नव्हती. शिक्षक जाणारच, हे तिनं धरून चालायला सुरुवात केली होती. मुलांना गणित न येणं मी समजू शकतो. पण हे त्यांनी शिकावं, यासाठी आपण शाळेत घालत नाही.

"बस स्कूटरवर," मी म्हणालो.

शिपायाकडून सरांच्या धर्मशाळेचा पत्ता कळला. नानाखेड्याला, बसस्टँडच्या मागे. तिथला व्यवस्थापक म्हणाला, "वो मास्टर साहब? आज तो पक्का हिसाब करके गए." मग आम्ही बसस्टँडवर. खंडवा-बऱ्हाणपूरच्या फलाटाशी एका बाकावर सर बसले होते. पायाशी काळी बॅग, मांडीवर माझी चादर, चादरीवर नारळ.

मला पाहताच ते उठून उभे राहिले. चादर परत मागायला आलो, असंच त्यांना वाटलं असावं. त्यांनी ती पुढेसुद्धा केली.

मी विमावाला माणूस. शब्दांचा माझ्याकडे कधी तुटवडा नसतो. पण त्या दिवशी मी फलक, पाचवी, बापू आणि सुमीतचं बटण या सगळ्या गोष्टी एकदमच सांगायला गेलो आणि सरांना त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. शेवटी देवश्रीच मध्ये पडली. "सर, बाबांना तुमचं स्वागत करायचं होतं. त्यांना वाटलं की आधीच चादर दिली तर तुम्ही थांबाल."

सर पहिल्यांदाच हसले. बऱ्हाणपूरचं स्वच्छ मराठी बोलत म्हणाले, "काका, मला वाटलं प्रयोगशाळेचं समजलं म्हणून काढलं."

"प्रयोगशाळेचं काय?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. श्रावणात धर्मशाळा शनिवारी भरते. सोमवारच्या सवारीसाठी यात्रेकरू येतात, तेव्हा एकट्या-दुकट्या मास्तराला खोली कोण देणार? दर शनिवारी सर सामान उचलत आणि मंगळवारी वापस येत. मधल्या रात्री शिपायाच्या मेहरबानीनं शाळेच्या प्रयोगशाळेत, हाडांच्या सापळ्याच्या शेजारच्या टेबलावर काढत. निष्ठा हीच होती. गेट उघडायच्या आधी सर आत असायचे, कारण ते बाहेरच पडलेले नसायचे.

"सगळ्या उज्जैनीत फिरलो, काका. जिथे जातो तिथे एकच उत्तर, खोली यात्रेकरूंना देतो. केदार सरही त्याच्यासाठीच गेले, शिपाई सांगत होता. मलाही जायचं नव्हतं हो. वर्ग चांगला आहे." ते देवश्रीकडे वळले. "शून्यकापर्यंत आलो होतो ना आपण?"

"हो सर. निम्माच झालाय धडा."

कंडक्टर ओरडू लागला. सरांनी बॅगेचा पट्टा उचलला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आमच्या घरी वरची खोली आहे."

इथे खुलासा केला पाहिजे. आमच्या घरी वरची खोली आहे हे खरं होतं. पण ती रजनीची होती. दोन वर्षांमागे तिनं त्या खोलीचा होमस्टे केला. गिझर, नवे पडदे, भिंतीवर महाकालाचा मोठा फोटो, आणि दारावर तिनं स्वतः निवडलेली पाटी: 'देवश्री होमस्टे'. सगळ्या उज्जैनीनं आपल्या वरच्या खोल्या यात्रेकरूंना दिल्या आणि मास्तरांना राहायला जागा उरली नाही, त्या उज्जैनीत निगुडकरही होतेच. शिक्षक का जातात, याचा शोध घ्यायला निघालेल्या समितीची बैठक बरोबर त्या खोलीच्या खालीच भरली होती.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा खोलीत भीलवाड्याचं एक कुटुंब होतं आणि रजनी दारात होती. तिनं सरांची बॅग पाहिली, चादर पाहिली, माझं तोंड पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली की तोंड पुरतं.

"कोणाला विचारलं?" तिनं मला आत घेऊन विचारलं.

"कोणालाच नाही."

"पुढच्या पूर्ण महिन्याची बुकिंग आहे माझी. मी मेहनतीनं उभं केलंय हे. तुम्ही सत्कार करता नी निस्तरायचं मी?"

तिचं बरोबर होतं. तेवढ्यात बाहेरून सरांचा आवाज आला. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी देवश्रीच्या वहीत आलेख काढायला घेतला होता, आणि देवश्री विचारत होती, "मतलब जिथे रेषेला कापतो, तेच शून्यक? इतकं सोपं?"

रजनी ऐकत उभी राहिली. फार दिवसांनी त्या पोरीचा असा आवाज आला होता. मग रजनी पदर खोचून बाहेर गेली, पायऱ्या चढून वर गेली, आणि थोड्या वेळानं 'देवश्री होमस्टे' ही पाटी हातात घेऊन खाली आली. "पोरीच्या नावाची पाटी लावून पोरीचंच गणित बुडवू का मी?" ती म्हणाली. "ही मंडळी उद्या दुपारी निघतील. आजचा दिवस सर हॉलमध्ये झोपतील नी तुम्ही गच्चीवर. नी बुकिंगवाल्यांना फोन तुम्ही करायचे, सगळ्यांना."

मी सगळे फोन केले. भाविकांचे शाप अंगावर घेणं सोपं नसतं, पण प्रयोगशाळेतल्या सापळ्यापेक्षा गच्ची बरी.

किरायानाम्याचं प्रकरण मात्र इतक्यात मिटलं नाही. नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवरच्या साहेबांनी कागद पाहून सांगितलं, "ये कमरा तो श्रद्धालुओं के नाम दर्ज है. इसमें कोई रह नहीं सकता."

"तो फिर कमरा है किसलिए?"

"ठहर सकता है."

होमस्टेची नोंद रद्द करायला वीजमीटर घरगुती करून आणा म्हणाले. मीटरवाले म्हणाले, आधी नोंद रद्द करून आणा. ही दोन कार्यालयं समोरासमोर आहेत. मी मधल्या रस्त्यावर उभा राहून दोन्हीकडे पाहायचो, आणि चहावाला मला न विचारता चहा द्यायचा. तोवर पोलिसाच्या रजिस्टरात श्रीकांत सर यात्रेकरू राहिले. येण्याचं कारण, दर्शन. मुक्काम, अनिश्चित. शेवटी मीटरवाल्या साहेबांचा मुलगा देवश्रीच्याच वर्गात निघाला. आपण कोणाची अडवणूक करतोय हे साहेबांना घरी कळलं, आणि दुसऱ्या दिवशी मीटर आपोआप घरगुती झाला. सुमीतनं नवीन नियुक्तीचं बटण दाबलं आणि पत्त्याच्या रकान्यात आमचं घर भरलं. बापू तेव्हापासून ज्याला त्याला सांगत सुटले आहेत, "मी पहिल्याच बैठकीत बोललो होतो. जमीन द्या!"

आता गणपती येऊन गेले, दसरा तोंडावर आला. शाळेनं 'विदाई समारोह'चा फलक उलटा करून त्याच्या मागच्या बाजूला 'स्वागत' लिहून घेतलं आहे. बाजू तपासून लावायची जबाबदारी समितीची. रजनीनं होमस्टेची पाटी माळ्यावर टाकली नाही, हाताशीच ठेवली आहे. बोर्डाची परीक्षा झाली की पाहू म्हणते, आणि दर रविवारी सरांना पुरणपोळी वाढताना त्यांच्या लग्नाचा विषयही काढते.

परवा मी पाण्याची टाकी पाहायला वर गेलो. सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते अजून शाळेतून परतले नव्हते. आतापर्यंत गेलेल्या सगळ्या शिक्षकांनी आमच्या चादरी घडी घालूनच नेल्या असतील. इथे मात्र ती लाल काठाची चादर गादीवर अंथरलेली होती, चारही कोपरे नीट खोचलेले, मधोमध चहाचा एक छोटा डागही पडलेला. मी ती जरा सारखी केली आणि खाली आलो.

खाली देवश्री टेबलाशी बसून पेन्सिल चावत होती. त्रिकोणमिती चालू होती. तिच्या वहीत एका उंच मनोऱ्याचं चित्र होतं आणि त्याच्याखाली तीन वेळा खोडलेलं गणित. मी विचारलं, "काय झालं?"

"येत नाहीये," ती चिडून म्हणाली. "बिलकुल नाही येत आहे हे."

मला जुलैतलं ते वाक्य आठवलं. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं वही मिटली, पेन्सिल कंपासपेटीत टाकली आणि आळोखेपिळोखे देत उठली.

"जाऊ दे. उद्या सर वापस समजावतील," ती म्हणाली आणि जेवायला गेली.